अनुभव धागा: उपासनेत तुम्ही खरंच कधी वाकलात?

मागच्या रविवारी चर्चमध्ये पापकबुलीची प्रार्थना चालू होती. सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून मी म्हणतेय की आम्ही विचाराने, शब्दाने, कृतीने पाप केलंय, आणि मनात काय तर पुढच्या बाकावरचं बाळ किती चुळबुळ करतंय, याच्या आईला जरा बाहेर घेऊन जाता येत नाही का. आमेनही खणखणीत म्हटलं. घरी आल्यावर लक्षात आलं आणि एकटीच हसले, मग हसू आलं नाही. म्हणून हा धागा. देवापुढे आदराने, नम्रपणे उभं राहणं तुम्हाला कधी जमलं, कधी अजिबात जमलं नाही, सगळं लिहा. उपदेश नको प्लीज, तो दर आठवड्याला मिळतोच.

~

मी क्वायरमध्ये अकरा वर्षं गातोय. उपासना संपली की रेकॉर्डिंग लावायचो आणि फक्त माझा भाग ऐकायचो, बाकी मंडळीचा आवाज म्हणजे मागचा गोंगाट. मग घसा बसला, डॉक्टरांनी सहा आठवडे गायचं नाही सांगितलं. नाइलाजाने बाकावर बसलो. गाता येत नाही म्हणून पुस्तक उघडून नुसते शब्द वाचत होतो आणि ताई, खोटं नाही सांगत, पाठ असलेल्या त्या गीताचं तिसरं कडवं नेमकं काय म्हणतं ते मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं ते माझ्यासाठी फक्त वरचा सूर लावायची जागा होती. आता परत गातोय. गर्व गेला म्हणणार नाही, रेकॉर्डिंग ऐकणं तेवढं बंद केलंय.

~

माझा प्रश्न वेगळा आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सगळे गुडघे टेकतात तेव्हा मी एकटा ताठ बसलेला, फार ओशाळवाणं व्हायचं. बायबलच्या जुन्या करारात उपासनेसाठी जो हिब्रू शब्द जास्त येतो त्याचा अर्थच मुळी वाकणं, जमिनीपर्यंत लवणं असा आहे हे शास्त्राभ्यासात ऐकलेलं, त्यामुळे तर अजूनच. पण खरं वाकणं मला दुसरीकडेच करावं लागलं. बाकावरून उठताना शेजारच्या पोराला "जरा हात दे रे" म्हणायला मला चार रविवार लागले. चार! देवापुढे लोटांगण सोपं वाटतं, माणसापुढे हात पसरणं जड जातं बुवा.

~

आदर म्हणजे शांतता, असं सगळ्यांनी धरून चालू नका एवढंच सांगते. आमच्याकडे टाळ्या असतात, ढोलकी असते, लोक नाचतात. मावशी एकदा आली आणि म्हणाली हा काय तमाशा. मला राग आला, मी लगेच बायबलमधलं दुसरं शमुवेल 6 काढून दाखवलं, दावीद राजा कोशापुढे, म्हणजे देवाच्या कराराच्या पवित्र पेटीपुढे, सगळी ताकद लावून नाचला, त्याच्या बायकोने, मीखलने, खिडकीतून बघून त्याला तुच्छ लेखलं, आणि तो म्हणाला मी याहूनही हलका होईन. मावशी शांतपणे म्हणाली, त्याच अध्यायात वर उज्जाही आहे, वाच. बैल अडखळले म्हणून कोश सावरायला हात लावला आणि जागीच मेला. मी गप्प. नाच आणि थरकाप एकाच अध्यायात, ते मी सोयीस्कर विसरले होते. मी अजूनही नाचते, पण नाचताना कोण बघतंय हे बघायची सवय सुटलेली नाही, तिथे मावशीचं बरोबर होतं.

~

भय या शब्दाबद्दल. लहानपणी मला देवाची भीतीच घातली होती, चुकलास की बघतोय तो. त्यामुळे मोठेपणी आदर, भय असलं काही ऐकलं की मी मनाने पळ काढायचो. गेल्या वर्षी उपासनेत यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 6वा अध्याय वाचायची पाळी माझ्यावर आली, घरी दोनतीनदा सराव केला. सराफीमांना, म्हणजे देवाच्या सिंहासनापाशी असलेल्या दूतांना, सहा पंख, दोहोंनी तोंड झाकलेलं, दोहोंनी पाय झाकलेले आणि उडायला दोनच. म्हणजे सहातले चार झाकायलाच! ज्यांनी काही पाप केलेलं नाही ते तोंड झाकतात. आणि यशया म्हणतो माझे ओठ अशुद्ध, तर निखारा येतो तो त्याला जाळायला नाही, ओठ शुद्ध करायला. हे मोठ्याने वाचताना माझा आवाज अडकला. भीतीच होती ती, पण पळ काढावासा वाटला नाही.

~

माझं छोटंसं. मोबाईलवर बायबल उघडायचे, वरून मेसेजची पट्टी यायची, प्रवचन संपेपर्यंत तीन जणांना उत्तर देऊन झालेलं असायचं. आता मोबाईल बंद, कागदाचं बायबल. संपलं.

~

भावाशी दोन वर्षं बोलणं नव्हतं, कारण लिहीत नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रांगेत उभी होते, पुढे तीनच माणसं उरलेली, आणि बायबलमधल्या मत्तय 5 मधलं ते आठवलं, अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. आठवलं कसलं, टोचलंच. रांगेतून बाहेर पडले, सगळे बघत होते, बाई काय करून आली असेल असं त्यांना वाटलं असणार. बाहेर येऊन त्याला मेसेज केला, "चुकलं माझं." चार दिवसांनी उत्तर आलं, "बरं." एवढंच. पुढच्या महिन्यात मात्र भाकर घेतली तेव्हा हात थरथरत होता.

~

मला उपासनेत काही वाटत नाही, प्रामाणिकपणे सांगतो. प्रवचनाला डुलकी येते. पण प्रभुभोजनाचे काचेचे छोटे कप धुवायची माझी पाळी असते, सगळे गेल्यावर. बोट आत जात नाही, तळाला द्राक्षरसाची जांभळी कडी धरलेली असते, ती कापसाची काडी फिरवून काढावी लागते. तिथे मात्र मी आपोआप हळू होतो, का ते विचारू नका. एकदा मीही एकदोन कप तसेच ठेवले होते, कोणाला दिसतंय म्हणून, आणि गेटपर्यंत जाऊन परत आलो. परवा पाळकसाहेब आत आले. मला वाटलं काहीतरी काम सांगतील. काही बोलले नाहीत, बाह्या दुमडल्या, खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि पुसायला लागले. चाळीसेक कप होते.