एरलितोऊ: 20 वर्षं खणून शू होंगनी काय मिळवलं?

पांढरीची_माती
चीनमधल्या एरलितोऊ या प्राचीन नगराच्या जागी खोदकाम करणाऱ्या शू होंग या पुरातत्त्वज्ञाबद्दल परवा इथे एकाने लिहिलं, "शू होंग 20 वर्षं एरलितोऊला खणत बसले आणि शेवटी म्हणाले, ही श्या घराण्याची, म्हणजे चिनी परंपरेतल्या पहिल्या राजघराण्याची, राजधानी होती की नाही ते सांगता येत नाही. मग फलित काय?" वाचून तिडीक गेली डोक्यात.

1999 ते 2019 शू होंग तिथल्या उत्खनन पथकाचे प्रमुख होते. जागा 1959 पासून माहीत होती, राजवाड्यांची जोतीही सापडली होती. पण नगराचा आराखडा हाती नव्हता. 2001 मध्ये एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं, या पट्ट्यात माझा गहू धड येत नाही. तिथे बघितलं तर खाली जुना रस्ता. त्याचा माग काढत गेले तर चौक लागला, 2003 मध्ये राजवाड्यांभोवतीची भिंत लागली, आत 10 हेक्टरच्या वर आवार. रस्त्यावर गाडीच्या चाकोऱ्या. इसवीसनपूर्व सतराव्या शतकाच्या आसपासचं आखीव राजनगर! हे फलित नाही?

नाव_हवंच
ते मीच लिहिलं होतं आणि अजून तेच म्हणतो. प्राचीन चिनी इतिहासकार सिमा च्येनच्या ग्रंथातली, श्यानंतरच्या शांग घराण्याच्या राजांची यादी लोक दंतकथा समजत होते. मग आन्यांग या शांगांच्या राजधानीतली लेख कोरलेली हाडं उजेडात आली, 1917 मध्ये अभ्यासक वांग ग्वोवेईंनी हाडांवरची नावं यादीशी जुळवून दाखवली, यादी बहुतांशी खरी निघाली. त्याच ग्रंथात श्याचीही यादी आहे. एकदा खरा ठरलेल्या साक्षीदारावर दुसऱ्यांदा अविश्वास का? 2002 मध्ये तिथेच थडग्यात फिरोज्याच्या 2000 वर तुकड्यांचा ड्रॅगन मिळाला. राजघराण्याशिवाय कुणाचा? चीनमधले बहुतेक अभ्यासक श्याच म्हणतात.

पांढरीची_माती
राज्य होतं, हे कोण नाकारतंय? प्रश्न त्याच्या नावाचा आहे. शांगांची नावं शांगांनीच कोरून ठेवली. एरलितोऊच्या मडक्यांवर नुसत्या खुणा आहेत, वाचता येईल असा मजकूर नाही. 1959 मध्ये पुरातत्त्वज्ञ श्यू श्युशेंग श्याचे अवशेष शोधायलाच निघाले होते. ही जागा मिळाली तेव्हा त्यांनीच ती शांगांची राजधानी असावी असं म्हटलं! पुढे झौ हंग या दुसऱ्या पुरातत्त्वज्ञानी तीच श्याची ठरवली. बहुमताने घराणं ठरत नसतं.

चौथा_चर
नावावरून काय भांडताय? शू होंगच्या 1999-2006 च्या उत्खननाचा अहवाल 2014 मध्ये आला, पाच खंड. आपल्याकडे राजस्थानातल्या कालीबंगन या हडप्पा काळच्या जागेचं काम 1969 मध्ये संपलं आणि हडप्पा थरांचा अहवाल यायला 2015 उजाडलं. एम.ए.ला असताना मी ज्या चरात उन्हातान्हात राबलो त्याचा अहवाल अजून नाही. सर निवृत्त झाले, वह्या कपाटात, खापरांवरचे आकडे पुसत चालले. आता ती जागा परत खणता येणार आहे का?

खापरखुंटी
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. महाराष्ट्रातली उत्खननं बघा: इनामगाव 1983 मध्ये संपलं, अहवाल 1988 मध्ये. दायमाबाद 1979 मध्ये संपलं, अहवाल 1986 मध्ये. झालंय आपल्याकडेही.

चौथा_चर
दरवेळी हीच दोन नावं! तिसरं सांगा.

खापरखुंटी
आवाज चढवू नका. खापरांची चित्रं काढायला मी एकटी होते, तीही रोजंदारीवर. हंगाम संपला की पैसे संपले. तिकडे सरकार पाठीशी. 1996 मध्ये कालगणनेचा प्रकल्पच काढला आणि 2000 मध्ये श्याची सुरुवात इसवीसनपूर्व 2070 ठरवून जाहीर केली.

चौथा_चर
पैशाचं मान्य. पण कपाटाची किल्ली द्यायला पैसे लागत नाहीत. दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता.

खापरखुंटी
किल्लीचं खरंय. आमच्याकडेही हेच झालं.

वावरातला
मला त्या गव्हाचं पटलं. आमच्या बांधाला लागून पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड आहे, लोक ट्रॉल्या भरून माती नेतात. मी दोनदा अर्ज दिला, कुणी फिरकलं नाही. तिथे शेतकऱ्याचं ऐकलं म्हणून रस्ता सापडला ना?

नाव_हवंच
अहवालाचं ठीक आहे, तेवढं श्रेय देतो. पण ज्याने 20 वर्षं ती माती चाळली त्यानेच कौल द्यायचा नाही, तर कुणी द्यायचा?

पांढरीची_माती
त्यांनी शक्यता कधीच नाकारलेली नाही, सिद्ध झालंय म्हणायला नकार दिलाय. पाच खंड समोर आहेत. कौल तुम्ही द्या, पण कोणत्या थरातल्या कोणत्या वस्तूवरून देताय ते सांगून.