पेशंट विचारतात "तुका आयकूंक येता?", मी काय उत्तर द्यायला हवं होतं?

वाळपईची_नर्स

नमस्कार सगळ्यांना, मी बीएस्सी नर्सिंगची स्टुडंट. सध्या सायकियाट्रीची चार आठवड्यांची पोस्टिंग चालू आहे, पहिला आठवडा झाला. एक पेशंट आहेत, माझ्या काकांच्या वयाचे असतील म्हणून मी त्यांना काकाच म्हणते. त्यांना घरामागच्या विहिरीतून आवाज येतात, देवचार (आमच्याकडचं भूत) हाक मारतो म्हणतात. बुधवारी मी टेंपरेचर घेत होते तर एकदम माझा हात धरून विचारलं, "सिस्टर, तुका आयकूंक येता?", म्हणजे तुला ऐकू येतं का? मी घाबरले आणि पटकन बोलून गेले की काका असं काही नसतं, तो तुमचा भास आहे. ते काहीच बोलले नाहीत, भिंतीकडे तोंड करून झोपले. गुरुवारी बीपी बघायला गेले तर हातच पुढे केला नाही, दुसऱ्या सिस्टर आल्या तेव्हा मात्र दिला.

तेव्हापासून जिवाला लागून राहिलंय. नर्स-पेशंटच्या नात्यावरची पेप्लाऊची थिअरी माझी पाठ आहे, ओरिएंटेशन, वर्किंग, टर्मिनेशन सगळं लिहून दाखवीन, पण खाटेजवळ उभी राहिले की शब्दच सुचत नाही. खोटं "हो" म्हणायचं होतं का? आणि आई रोज फोनवर विचारते की मारतबिरत नाहीत ना गं, मी नाही म्हणते पण भीती मलापण वाटते. कोणी अनुभवी असेल तर सांगा प्लीज.

रात्रपाळी

अगं बाय, "हो" म्हणायचं नाहीच. आज तू हो म्हणशील आणि उद्या ते घरच्यांना सांगतील की सिस्टरलापण ऐकू येतं, मग गोळी कशाला घेऊ. पण "नाही, भास आहे" म्हटलं की त्या माणसाला वाटतं हिला माझं खोटं वाटतं. त्याच्या कानात तो आवाज खराच पडतो, तुझा आवाज जसा पडतो तसाच. मी २६ वर्षं नोकरी केली, त्यातली १४ सायकियाट्रीत, आणि मी एवढंच म्हणायचे, "मला नाही ऐकू येत, पण तुम्हाला येतंय हे मला कळतं, भीती वाटत असेल ना?" यात खोटं काहीच नाही आणि वादही नाही.

उद्या जा आणि सरळ सांग की काका, त्या दिवशी मी घाईत बोलले. खाटेसमोर उभी राहू नको, स्टूल घे, थोडी बाजूला बस म्हणजे नजर त्यांच्या नजरेला समान येईल. ते बोलले नाहीत तरी पाच मिनिटं बस आणि "उद्या दहाला येते" असं सांगून ऊठ. आणि दहा म्हणजे दहाला जा, त्या वॉर्डात वेळ पाळणारं माणूस ही फार मोठी गोष्ट असते.

मग एक नक्की विचारायचं, तो आवाज काय सांगतो. नुसती हाक मारतो की विहिरीत उडी मार म्हणतो? हुकूम देणारा आवाज असला तर ती गोष्ट मनात ठेवायची नाही, लगेच इनचार्ज सिस्टरला आणि डॉक्टरला सांगायचं आणि नोट्समध्ये पेशंटच्याच शब्दांत लिहायचं. मरून जावंसं वाटतं का हेसुद्धा सरळ विचारता यायला पाहिजे, विचारल्याने कोणाच्या डोक्यात विचार घुसत नाही, उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं होतं. डिप्रेशनच्या पेशंटच्या बाबतीत तर मी नव्या पोरींना नेहमी सांगायचे, जो नुसता पडून आहे त्याच्याकडे लक्ष ठेवाच, पण गोळ्या सुरू होऊन दोनेक आठवड्यांनी जो उठून आंघोळ करायला लागला त्याच्याकडे जास्त ठेवा. अंगात ताकद आधी येते, मनातला काळोख मागाहून जातो, मधले दिवस धोक्याचे. राउंड ठरलेल्या मिनिटाला मारू नका, थोडा मागेपुढे, म्हणजे पुढची फेरी कधी ते कोणाला हेरता येत नाही.

भीतीचं म्हणशील तर बहुतेक पेशंट कोणाच्या वाटेला जात नाहीत, स्वतःच घाबरलेले असतात. तरी दाराची बाजू आपल्याकडे ठेव, येरझारा वाढल्या, मुठी आवळल्या, आवाज चढला की जवळ जाऊ नको, आधी स्टाफला बोलाव. यात कमीपणा काही नाही.

दोतोर_न्हय_ब्रदर

वरच्या ताईंचं पटतं, एका गोष्टीत माझं थोडं वेगळं. आवाज काय म्हणतो हे सेफ्टीसाठी विचारायचं, पण रोज उठून तेच विचारत बसू नये, मग तो आवाजच गप्पांचा विषय होतो. मी विचारून झालं की हाताला काहीतरी काम देतो, पेपर वाचून दाखवा, बेडशीटची घडी घाला, शेतात यंदा काय लावलंय सांगा. बोलता बोलता माणूस आपल्यात येतो.

आणि सायकियाट्रीची पोस्टिंग संपली म्हणून हे संपत नाही हं. आपल्याकडे पाय मोडून ऑर्थोत आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागतो, नातेवाईक म्हणतात लागीर झालं, आणि कोणी विचारलेलंच नसतं की रोज किती घेत होता. घाम, हात थरथरणं, नाडी पळते, ताप, दिवस-रात्र कळत नाही, हे दारू तुटल्याचं असतं, जीव जाऊ शकतो, डॉक्टरला धावत बोलवायचं. ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी-१ व्हिटॅमिन), हे विसरू नको. खोलीत उजेड ठेव, शक्यतो एकच ओळखीचा चेहरा जवळ, आणि परत परत सांग की तुम्ही हॉस्पिटलात आहात, आज अमुक वार.

लिथियमवाले (मूड स्थिर ठेवायचं औषध) पेशंट असतील तर उन्हाळ्यात जपायचं. घाम, जुलाब, उलटी, जेवणातलं मीठ एकदम कमी करणं, किंवा अंग दुखतं म्हणून दुकानातून आणलेली ब्रुफेन, यातल्या कशानेपण रक्तातली लिथियमची लेव्हल चढते. चालताना झोक जायला लागला, हात जोरात कापायला लागले की पुढचा डोस थांबवून आधी विचारायचं.

डिचोलीकार

मी नर्स नाही, माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे म्हणून लिहितो. आमची पहिली दोन वर्षं घाडी (भूत उतरवणारा) आणि देवाला कौल लावणं यातच गेली, आईला कोणी दोष देऊ नये, तिला दुसरं ठाऊकच नव्हतं. नंतर एका ठिकाणी ठेवला तिथे त्याला खाटेला बांधला होता, मी डोळ्यांनी बघितलं, अजून विसरलो नाही. आता २०१७ चा कायदा आहे, साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे, आणि दुसऱ्या कुठल्याही प्रकारे धरून ठेवायचं तर जिवाला लगेच धोका असेल आणि दुसरा उपाय नसेल तेव्हाच, शिक्षा म्हणून नाही आणि स्टाफ कमी म्हणूनपण नाही. ताई तू शिकतेस तोवर हे पक्कं कर.

दुसरं सांगायचं ते म्हणजे डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईकांपाशी बस. भावाला इंजेक्शन देऊन घरी आणला, त्याच रात्री त्याची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, जबडा आवळला. आई देवासमोर बसली, शेजारी म्हणाले अंगात आलं. मी तसाच गाडीत घालून आरोग्य केंद्रात नेला, तिथे एक सुई दिली आणि अर्ध्या तासात मान सरळ. औषधाचा साइड इफेक्ट होता. कोणी आधी सांगितलं असतं तर त्या रात्री आम्ही तसे रडलो नसतो, आणि भावाने पुढे चार महिने औषध टाळलं नसतं. गोळी गालात धरून नंतर थुंकायचा, आम्ही ओरडायचो. शेवटी एका सिस्टरने त्याला नीट विचारलं की गोळीने काय होतं तुला, तेव्हा तो म्हणाला मान परत वळेल. त्याच्यावर दुसरी गोळी मिळाली, प्रश्न मिटला. ती बाई आमच्यासाठी देवमाणूस आहे.

घरच्यांना १४४१६ नंबर लिहून दे, टेली मानस, २०२२ पासून आहे, फुकट, रात्रीपण लागतो.

रात्रपाळी

ब्रदरचं बरोबर, रोज खोदायचं नाही. आणि दादा, तुमच्या भावाची गोष्ट मी इथल्या पोरींना वाचून दाखवणार आहे.

वाळपईची_नर्स

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, डिचोलीचे दादा तुमचं वाचून रडू आलं. आज गेले होते. स्टूलवर बसले, म्हटलं काका त्या दिवशी माझं चुकलं, मला ऐकू येत नाही पण तुम्हाला येतं. ते काहीच बोलले नाहीत, मी पाच मिनिटं बसून उठायला लागले तेव्हा म्हणाले तो फक्त नावाने हाक मारतो, बापाच्या आवाजात. अजून काही सांगतो का विचारलं तर नाही म्हणाले. तसंच्या तसं लिहिलं आणि इनचार्ज मॅडमना दाखवलं. मग बीपीसाठी त्यांनी स्वतःच हात पुढे केला, १३०/८४. मी त्यांना सांगितलंय की मी अजून तीन आठवडे आहे. बोटांवर मोजून बघितलं त्यांनी. शेवटच्या दिवशी फोन नंबर मागितला तर काय म्हणू?

रात्रपाळी

नंबर द्यायचा नाही, आणि बघू-देईन असंपण म्हणायचं नाही. जाण्याच्या आठवडाभर आधीपासून रोज आठवण कर की इतके दिवस राहिले, तुझ्यानंतर कुठली सिस्टर येणार ते सांग, जमलं तर तिला घेऊन एकदा त्यांच्यापाशी बस. उद्या दहाला जायचं विसरू नको.