दोन पाळ्यांच्या मधे रक्तस्राव: डॉक्टरांकडे केव्हा जावे आणि तेथे काय होते?

पाऊलवाट (मूळ प्रश्न)

माझे वय ३८ आहे. पाळी आजवर नियमित होती. २८ ते ३० दिवसांनी येई आणि पाच दिवसांत थांबे. गेल्या तीन महिन्यांपासून मात्र पाळी संपून आठ-दहा दिवस झाले की पुन्हा डाग दिसू लागतात. कधी ते फिकट गुलाबी असतात, कधी तपकिरी, आणि दोन वेळा संबंधानंतर लगेच लाल रक्त दिसले. पोटात दुखत नाही. अंगावरून पांढरे जाण्याचे प्रमाण मात्र थोडे वाढले आहे. घरातील वडीलधाऱ्या बायकांचे म्हणणे असे की चाळिशी जवळ आली की असे होतेच, पाळी लांबवण्याच्या गोळ्या महिनाभर घेऊन पाहाव्यात. मागच्या वर्षी दुसऱ्या कारणासाठी पोटाची सोनोग्राफी झाली होती आणि तिच्यात गर्भाशय ठीक असल्याचे लिहिले होते, म्हणून मीही आजवर थांबले.

आणखी एक महिना वाट पाहावी का? जायचेच असेल तर डाग दिसत असताना जावे की थांबल्यावर? आणि आतून जी तपासणी करतात ती नेमकी कशी असते? त्या तपासणीच्या धास्तीनेच मी हे पुढे ढकलत आले आहे, हे येथे मोकळेपणाने लिहिते.

कातरवेळ

ताई, आणखी वाट पाहू नका. मी सात महिने पाहिली आणि ते सात महिने मनस्तापात गेले. मला आधी ज्यांनी पाहिले त्यांनी तपासणी न करताच ताणामुळे होत असेल असे सांगून हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत रक्त थांबे आणि बंद केल्या की पुन्हा सुरू होई. गोळीने थांबते म्हणजे फार काही नसावे, असे मीही स्वतःला समजावत राहिले.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी प्रथमच आतून पाहिले, तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाशी लोंबणारा एक लहानसा पॉलिप, म्हणजे मांसल वाढ, त्यांना पहिल्याच नजरेत दिसला. भूल न देता, चिमट्याने पिळून त्यांनी तो तेथेच काढला. पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी एक कळ आली आणि ओसरली. काढलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवला आणि अहवाल निर्दोष आला. ज्या गोष्टीला पाच मिनिटे लागली तिच्यासाठी मी अर्धे वर्ष रात्री जागून काढल्या, याचे मला अजून वाईट वाटते. तुमच्या बाबतीत कारण हेच असेल असे मी म्हणत नाही. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते कोणालाच सांगता येणार नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

दीपमाळ

मी स्त्रीरोग विभागात डॉक्टर म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. येथे निदान करता येत नाही, परंतु प्रश्नकर्तीने विचारलेल्या गोष्टींबद्दल सविस्तर लिहिते.

पाळीचे चक्र २४ ते ३८ दिवसांचे आणि रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत असेल तर ते सर्वसाधारण मानले जाते. त्याबाहेर, दोन पाळ्यांच्या मधे, दिसणाऱ्या रक्ताची कारणे अनेक आहेत आणि त्यांतील बहुतेक गंभीर नसतात. पुढची पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी स्त्रीबीज बाहेर पडते, त्या सुमारास इस्ट्रोजेन या हार्मोनची पातळी थोडी खाली येते आणि काही जणींना एक-दोन दिवस अगदी हलके डाग दिसतात. गर्भनिरोधक गोळ्या नव्याने सुरू केल्या असतील तर पहिले तीन महिने, आणि तांबी बसवली असेल तर पहिले तीन ते सहा महिने, असे डाग पडू शकतात. गोळी चुकली, आपत्कालीन गोळी घेतली किंवा क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनसारखे औषध गर्भनिरोधक गोळीसोबत चालू असले, तरीही तसे होते. सिझेरियन झालेल्या काही स्त्रियांत जुन्या टाक्यांच्या जागी गर्भाशयाच्या भिंतीत खोबण राहते. तेथे साठलेले रक्त पाळी संपल्यावर काही दिवस तपकिरी डागांच्या रूपाने बाहेर येते. याशिवाय पॉलिप, गाठी, जंतुसंसर्ग, थायरॉइडचा विकार, रक्त पातळ करणारी औषधे अशी आणखीही कारणे आहेत. आणि याच यादीत गर्भाशयमुखाचा व गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही आहे. तो कमी जणींत निघतो, पण लक्षण तेच असल्यामुळे वगळावा लागतो.

ताई, तुमच्या लिहिण्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते संबंधानंतर दिसलेले रक्त. असे रक्त बहुधा गर्भाशयाच्या तोंडाकडून येते. तेथे सूज असू शकते, पॉलिप असू शकतो, किंवा आतल्या बाजूची नाजूक त्वचा तोंडाबाहेर आल्यामुळे स्पर्शाने रक्त येत असू शकते. ही शेवटची स्थिती निरुपद्रवी असते. क्लॅमिडियासारखा, संबंधातून पसरणारा जंतुसंसर्गही असू शकतो. त्यात अनेकदा कोणताच त्रास जाणवत नाही, परंतु उपचार पती-पत्नी दोघांनाही घ्यावे लागतात. गर्भाशयाच्या तोंडाचा हा पृष्ठभाग सोनोग्राफीत नीट दिसत नाही. म्हणून मागच्या वर्षीच्या सोनोग्राफीवर विसंबून राहू नका. पॅप चाचणी (गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी) पूर्वी निर्दोष आली असेल तरीही हेच लागू आहे, कारण ती चाचणी लक्षणे नसलेल्या स्त्रियांच्या चाळणीसाठी आहे. लक्षण दिसू लागले की प्रत्यक्ष पाहणेच आवश्यक ठरते.

आता भेटीविषयी. डाग दिसत असतानाही जाता येते आणि मी तर जावे असेच म्हणेन, कारण रक्त कोठून येते आहे ते त्या वेळी कळू शकते. रक्त फार जास्त असेल तर पॅपचा नमुना पुन्हा घ्यावा लागू शकतो, इतकाच फरक पडतो. भेटीच्या आधी दोन दिवस योनीमार्गात मलम किंवा गोळी वापरू नका, पाण्याने आत धुऊ नका आणि संबंध टाळा.

पहिल्यांदा प्रश्न विचारले जातील: शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, डाग कोणत्या दिवशी आणि किती पडले, कोणती औषधे चालू आहेत, गर्भनिरोधनासाठी काय वापरता, घरात कोणाला गर्भाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता का. गर्भधारणेची चाचणी जवळजवळ प्रत्येकीला करायला सांगतात. त्यात अविश्वास मानू नये. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत राहिला असेल तर त्याचे पहिले लक्षण असेच डाग असू शकतात आणि ती शक्यता नजरेतून सुटली तर जिवावर बेतू शकते.

तपासणीत स्पेक्युलम नावाचे साधन योनीत सरकवून ते हळूच उघडतात, म्हणजे गर्भाशयाचे तोंड दिसते. दाब जाणवतो, सहसा दुखत नाही, आणि दुखले तर थांबा म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मऊ ब्रशने पेशींचा नमुना घ्यायला काही सेकंद लागतात. त्यानंतर बोटांनी गर्भाशयाचा आकार पाहतात. श्वास रोखून न धरता सावकाश सोडत राहिले की स्नायू सैल पडतात आणि काम सोपे होते. लहान आकाराचे स्पेक्युलम मागता येते, स्त्री डॉक्टर मागता येतात, तपासताना परिचारिका किंवा आपले माणूस जवळ असावे असे सांगता येते. धास्ती वाटते हेही आधीच सांगून टाका. ते कळल्यावर मी स्वतः प्रत्येक पायरी सांगत तपासत असे. ज्यांनी कधी संबंध ठेवलेले नाहीत त्यांची अशी तपासणी एरवी करत नाहीत. त्यांच्यासाठी मूत्राशय भरलेले असताना पोटावरून सोनोग्राफी करतात.

यापुढच्या तपासण्या प्रत्येकीच्या वयावर आणि लक्षणांवर ठरतात. हिमोग्लोबिन पाहतात, गर्भवती नसलेल्या स्त्रीत ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजतात. वय ४५ किंवा त्याहून अधिक असेल, अथवा वय कमी असूनही वजन खूप जास्त असेल किंवा पीसीओएस या बीजकोशाच्या हार्मोन-विकारामुळे पाळी वर्षानुवर्षे अनियमित असेल, तर अस्तराचा नमुना एका बारीक, लवचिक नळीने घेतात. त्या वेळी कळ येते, ती सहसा काही मिनिटांत कमी होते.

पाळी लांबवण्याच्या गोळ्या तपासणीआधी घेऊ नका. त्यांनी रक्ताचे वेळापत्रक बदलते, आणि निदानाचा आमचा पहिला धागा तेच वेळापत्रक असते.

तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल आणि असे दोन तास चालले असेल, चक्कर येत असेल, पोटात एका बाजूला तीव्र दुखत असेल किंवा खांद्यात कळ जात असेल, अथवा गर्भधारणेची शक्यता असेल, तर भेटीची वेळ घेत बसू नका. सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

ओंजळ

मध्येच विचारते, क्षमा असावी. माझ्या आईचे वय ५६ आहे आणि तिची पाळी जाऊन चार वर्षे झाली. मागच्या आठवड्यात एकदाच, अगदी थेंबभर गुलाबी डाग दिसला. तिने तो मलाही उशिरा सांगितला. एकदाच झाले आहे तर पुन्हा होते का ते पाहावे, असे ती म्हणते.

दीपमाळ

नाही, पुन्हा होण्याची वाट पाहू नका. याच आठवड्यात आईंना घेऊन जा. पाळी बंद होऊन १२ महिने उलटल्यानंतर दिसलेले कोणतेही रक्त, एक थेंब असला तरी, तपासायचेच असते. बहुतेक वेळा योनीची त्वचा कोरडी व पातळ झाल्यामुळे ते येते आणि त्यावर साधे उपचार आहेत. मात्र अस्तराचा कर्करोग सहसा याच लक्षणाने, आणि अनेकदा लवकरच्या टप्प्यात, स्वतःची खबर देतो. त्या टप्प्यात शस्त्रक्रियेने तो बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी निघाली तर कर्करोगाची शक्यता फारच कमी उरते. जास्त निघाली, किंवा रक्त पुन्हा दिसले, तर नमुना घेतात. स्तनाच्या कर्करोगासाठी त्या टॅमॉक्सिफेन घेत असतील किंवा पूर्वी घेतले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पाऊलवाट

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल जाऊन आले. तीन महिन्यांच्या पाळीच्या आणि डागांच्या तारखा एका कागदावर लिहून नेल्या होत्या; डॉक्टरांनी तो कागद आधी पूर्ण वाचला आणि मगच बोलायला सुरुवात केली. तपासणीची भीती वाटते हे मी दारातच सांगितले. त्यांनी लहान स्पेक्युलम वापरले, परिचारिका शेजारी उभी होती, आणि मी जे तीन महिने टाळत होते ते चार-पाच मिनिटांत झालेसुद्धा. अस्वस्थ वाटले, दुखले मात्र नाही.

गर्भाशयाच्या तोंडाशी लाली आहे आणि ब्रश लागताच तेथून रक्त आले, असे त्यांनी सांगितले. पॉलिप दिसला नाही. पॅपसाठी, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या) विषाणूसाठी आणि संसर्गासाठी असे तीन नमुने घेतले आहेत. गर्भधारणेची चाचणी नकारात्मक आली. सोनोग्राफी पुढची पाळी संपल्यावर लगेच करायची आहे, कारण त्या दिवसांत अस्तर पातळ असते आणि आत काही असल्यास स्पष्ट दिसते. पाळी लांबवण्याच्या गोळ्यांविषयी विचारले, तेव्हा अहवाल येईपर्यंत घेऊ नका असेच उत्तर मिळाले.

अहवाल दहा दिवसांनी मिळणार आहेत आणि त्यासाठी पुढच्या भेटीची वेळ मी आजच घेऊन ठेवली आहे. ओंजळताई, आईंना नेलेत का, ते कळवा.