राणी आहे की देवी, ओळखायचं कसं?

भटकभवानी: इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या देवळांचे फोटो बघत होते, छोट्या देवळाबाहेर सहा उभ्या मूर्त्या आहेत त्यातल्या दोन राणी नेफरतारीच्या म्हणे, पण डोक्यावर शिंगं आणि सूर्याची चकती म्हणजे हाथोर देवी ना? मग ही नक्की कोण?

खापरतुकडा: दोन्ही! देऊळच हाथोर आणि नेफरतारी दोघींचं आहे, इ.स.पू. 13व्या शतकातलं. गंमत म्हणजे राणी उंचीला राजाच्या बरोबरीची, साधारण 10 मीटर. शेजारच्या मोठ्या देवळात बघा, तिच्या नवऱ्याच्या, राजा रामसेसच्या पायाशी घरचे सगळे चिमुकले उभे आहेत.

नाणेवाली: टॉलेमींनी (इजिप्तवर राज्य केलेलं ग्रीक घराणं) तर कहरच केला. त्यांची राणी आर्सिनोई दुसरी वारल्यावर नवऱ्याने (सख्खा भाऊही तोच, असो) फर्मान काढलं की देवळादेवळात तिची मूर्ती बसवा. इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या जुन्या कॅनोपस शहराजवळ समुद्रातून काढलेली काळ्या दगडाची बघा, डोकं नाहीये पण काय काम आहे, अंगाला चिकटलेलं ओलं वस्त्र ग्रीक देवी अफ्रोडाइटीचं आणि छातीवरची गाठ इजिप्शियन देवी इसिसची.

भटकभवानी: अच्छा, म्हणजे गाठ दिसली की इसिस?

खापरतुकडा: नाही हो, इसिसच्या भक्त बायकापण तशीच गाठ मारायच्या. कोरलेलं नाव सापडलं तर बरं, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधल्या आर्सिनोईच्या पाठीमागच्या खांबावर आहे तसं.