ज्युलियस सीझर : यादीचा प्रवेश कापावा का?

नवा_अँटनी
नमस्कार. आम्ही शेक्सपिअरचं ज्युलियस सीझर बसवतोय, दोन तासांत. चौथ्या अंकाचा पहिला प्रवेश उडवायचा, असं दिग्दर्शकांचं म्हणणं. सीझरच्या खुनानंतर सत्ता हाती घेणारे तिघं, अँटनी, ऑक्टेव्हियस आणि लेपिडस, बसून मारायच्या माणसांची यादी करतात, बाकी काही घडत नाही, आणि सीझरच्या प्रेतापुढच्या अँटनीच्या भाषणानंतर प्रयोग खाली येतो. मी अँटनी करतोय. मला हे पटत नाही, पण नेमका मुद्दा मांडता येत नाहीये. तुम्ही ठेवाल का?

रंगपीठ
कापा. सीझर तिसऱ्या अंकातच जातो. पुढे प्रेक्षक धरून ठेवणं अवघड, शेवटच्या, फिलिपायच्या लढाईपर्यंत लवकर पोचलेलं बरं.

तिसरी_घंटा
कापू नका, हात जोडून सांगते. प्रवेश जेमतेम पन्नासेक ओळींचा आहे, पण तो गेला तर अँटनी निव्वळ मित्रासाठी रडणारा माणूस उरतो.

भाषणात तुम्ही सीझरचं मृत्युपत्र दाखवता आणि वाचत नाही. आधी सीझरचा झगा, मारेकऱ्यांपैकी कॅसियसचा खंजीर कुठून घुसला, ब्रूटसचा कुठून. लोक पेटून निघाले की तुम्हीच त्यांना थांबवता, मृत्युपत्र विसरलात म्हणून. मग त्यातलं वाचता : प्रत्येक नागरिकाला 75 द्राख्मा (नाणी), टायबर नदीकाठच्या बागा. आता यादीचा प्रवेश बघा. तोच अँटनी लेपिडसला सीझरच्या घरी पिटाळतो, तेच मृत्युपत्र आणायला, कारण त्यातल्या देणग्यांना कात्री लावायची आहे! लेपिडसची पाठ वळताच त्याला ओझ्याचं गाढव ठरवतो.

आणि यादी. लेपिडस सख्ख्या भावाच्या मरणाला रुकार देतो, पण अट घालतो : अँटनीचा भाचा पब्लियसही जगता कामा नये. अँटनी क्षणभरही अडत नाही, खूण करून मोकळा होतो. आवाज अजिबात चढवू नका तिथे.

त्याच्या आधीचा प्रवेशही ठेवाच. जमाव सिना नावाच्या कवीला धरतो. सीझरच्या खुनाच्या कटातला सिना मी नव्हे, असं तो सांगत असताना त्याच्यावर तुटून पडतो. तिथे माणूस चुकीच्या नावामुळे मरतो आणि लगेच पुढे तिघं बसून अचूक नावं टिपतात. शेक्सपिअरने हे एकापाठोपाठ ठेवलंय, मध्ये फट पाडू नका.

पडद्यामागून
सहमत. यादीनंतर लगेच ब्रूटसच्या छावणीतलं भांडण येतं, तेही त्यामुळेच उठून दिसतं. ब्रूटस कॅसियसला पैसेखाऊ म्हणतो आणि त्याच दमात, मागितलं तेव्हा सोनं का दिलं नाहीस म्हणून चिडतो. वाममार्गाने पैसा उभा करणं स्वतःला जमत नाही म्हणे! दोन्ही छावण्यांत पैशाचं काय चाललंय ते शेजारी शेजारी दिसू द्या.

वेळच वाचवायचा तर तंबूत घुसणारा कवी काढा. ब्रूटसची बायको पोर्शिया हिच्या मृत्यूची बातमी संहितेत दोनदा येते, त्यातली मेसाला आणतो ती काढा, ब्रूटसने कॅसियसला सांगितलेली ठेवा.

नवा_अँटनी
मनापासून आभार. मृत्युपत्राचा मुद्दा दिग्दर्शकांपुढे ठेवतो. एक राहिलं : लेखणी कोणाच्या हातात द्यावी? आमचा ऑक्टेव्हियस मागतोय.

तिसरी_घंटा
तुमच्याच. लेपिडसच्या भावाच्या नावावर खूण कर, असं ऑक्टेव्हियस अँटनीलाच सांगतो.