सौर वाळवणीवरील शोधनिबंधांची लांबलचक यादी: मार्गदर्शक निवडताना ती कशी वाचावी?

अभ्यासू नागपूरकर (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि आता, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, पीएच.डी.साठी नोंदणी करणार आहे. विषय मनात बऱ्यापैकी पक्का आहे: भिवापूर-उमरेड पट्ट्यातील लाल मिरची सौरऊर्जेवर वाळवणे. ज्या प्राध्यापकांकडे नोंदणी करावी असे वाटते, त्यांनी पहिल्याच भेटीत आपल्या प्रकाशित शोधनिबंधांची यादी माझ्या हाती दिली आणि ही वाचून या, मग बोलू, असे सांगितले.

यादीत ४३ निबंध आहेत. निम्म्याहून अधिक सोलर ड्रायरवर आहेत आणि उरलेले आसपासच्या विषयांवर: पॅराफिन मेणात दिवसाची उष्णता साठवून ती रात्री वापरणे, हरितगृह पद्धतीची वाळवणी, हवा तापवणारे संग्राहक, ऊर्जेचा हिशेब आणि परतफेडीचा काळ. पहिले दहा निबंध वाचून झाले आणि मी गोंधळलो. प्रत्येकात एक पदार्थ आहे (टोमॅटो, कारले, आले, मेथी, संत्र्याची साल), प्रत्येकात आठ-दहा गणिती प्रतिरूपे (ओलावा काळाबरोबर कसा घटतो ते सांगणारी सूत्रे) प्रयोगाच्या आकड्यांवर बसवून पाहिली आहेत आणि बहुतेक वेळा शेवटी मिडिली यांचे प्रतिरूप सर्वोत्तम ठरले आहे. हे काम खोल आहे की एकच काम दहा वेळा केले आहे, हे मला ठरवता येत नाही. पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नलांच्या केअर यादीत जर्नल आहे की नाही एवढे तरी पाहता येत असे. २०२५ मध्ये आयोगाने ती यादीच बंद केली. अशी यादी जाणत्या माणसाने कशी वाचावी, हे कृपया सांगावे.

निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ

यादी वरून खाली वाचू नका. प्रत्येक निबंधातील उपकरणाचे छायाचित्र आणि मापे देणारा परिच्छेद तेवढा काढा आणि जितकी वेगळी यंत्रे, तितके ढीग करा. ४३ निबंधांमागे चार-पाचच यंत्रे निघाली तर दचकण्याचे कारण नाही. एक ड्रायर बांधायला, त्याला जागोजाग तापमापक तारा लावायला आणि त्याचे वागणे कळायला दोन वर्षे सहज जातात, तेव्हा त्यावर पाच-सहा निबंध निघणे रास्तच आहे. यंत्र तेच, मांडणी तीच, फक्त कारल्याच्या जागी दोडका आणि निष्कर्षाचा परिच्छेदही जवळपास तोच, असे दिसले तर मात्र थांबून विचार करावा.

मिडिली नेहमी का जिंकतात, याचे उत्तर वाळवणीत नसून बीजगणितात आहे. पातळ थराच्या वाळवणीचे सर्वांत साधे प्रतिरूप लुईस यांचे, १९२१ मधले, आणि त्यात एकच स्थिरांक आहे. पेज यांनी १९४९ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात मक्याच्या दाण्यांवर काम करताना काळावर एक घातांक चढवला, म्हणजे स्थिरांक दोन झाले. मिडिली आणि सहकाऱ्यांच्या २००२ मधील समीकरणात ते चार आहेत. बंडीला बंद जितके जास्त, तितकी ती कोणाच्याही अंगाबरोबर बसते. सहसंबंधाचा आकडा ०.९९९ आला, यावरून वक्र नीट बसला एवढेच कळते. मिरचीबद्दल काहीच कळत नाही. त्या स्थिरांकांचा तापमानाशी, हवेच्या वेगाशी किंवा थराच्या जाडीशी संबंध लावून, पुढे न केलेल्या प्रयोगाचे भाकीत केले आहे का, ते पाहावे. केले असेल तर तो निबंध बाजूला काढून ठेवा आणि सावकाश वाचा.

आणखी एक तपासणी सांगतो. ती करायला पाच मिनिटे लागतात, पण ती फार बोलकी आहे. बहुतेक निबंधांत ओलाव्याची परिणामी विसरणशीलता, म्हणजे पाणी पदार्थातून किती वेगाने बाहेर सरकते याचे माप, काढलेली असते. त्या सूत्रात कापाच्या जाडीचा वर्ग येतो. काप दोन्ही बाजूंनी वाळत असेल तर जाडी अर्धी धरायची, एकाच बाजूने वाळत असेल तर पूर्ण. इथे चूक झाली की उत्तर चौपट इकडे किंवा तिकडे जाते. म्हणून छायाचित्रातील ट्रे जाळीचा आहे की पत्र्याचा, हे आधी पाहा आणि मग सूत्राखाली जाडी अर्धी लिहिली आहे की पूर्ण, हे पाहा. ट्रे पत्र्याचा आणि जाडी अर्धी असे निघाले, तर सूत्र दुसऱ्या निबंधावरून उचललेले आहे, असे समजायला हरकत नाही. अख्ख्या मिरचीला तर सपाट कापाचे सूत्र लावणेच चूक आहे. ती लांबट-गोल, आतून पोकळ आणि वरून मेणचट सालीची असते.

मोजमापातील अनिश्चिततेचा तक्ताही पाहावा. क्लाइन आणि मॅक्लिंटॉक यांनी १९५३ मध्ये मांडलेली पद्धत सगळेच उद्धृत करतात. पण सौर प्रारणमापकाची (उन्हाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणाची) अनिश्चितता पाच निबंधांत पाच वेगळ्या यंत्रांसाठी दशांशापर्यंत सारखीच आली असेल, तर तिथे मोजणी कमी आणि नक्कल जास्त झाली आहे.

जर्नलांविषयी फार लिहीत नाही. ‘सोलर एनर्जी’ हे जर्नल १९५७ पासूनचे आहे. वाळवणीच्या शास्त्राला स्वतंत्र घर मिळवून देण्यात मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात (युडीसीटीत) शिकलेल्या अरुण मुजुमदार यांचा वाटा फार मोठा आहे. १९७८ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात पहिली आंतरराष्ट्रीय वाळवणी परिषद त्यांच्याच पुढाकाराने भरली. पण चांगल्या जर्नलात सुमार निबंध येतात आणि साध्या जर्नलात कधी कधी प्रामाणिक नोंदवही सापडते. निबंध स्वतः वाचण्याला पर्याय नाही.

अन्नतंत्रज्ञ ताई

सरांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, पण प्रतिरूपांच्या बाबतीत ते थोडे कठोर झाले, असे वाटते. मोठ्या यंत्रात मालाचा जाड थर असतो आणि त्याचा हिशेब पातळ थराच्या समीकरणावरच उभा राहतो, त्यामुळे ते काम कोणीतरी करून ठेवलेले असणे उपयोगाचेच आहे. शिवाय नवा विद्यार्थी तिथूनच शिकतो. माझी तक्रार दुसरीच आहे: यंत्र अभियांत्रिकीतील मंडळी माल वाळला की प्रयोग संपला असे समजतात, आणि आमचे काम नेमके तिथून सुरू होते.

आपला विषय मिरची आहे, म्हणून यादीतील प्रत्येक निबंधाला तीन प्रश्न विचारावेत. पहिला रंगाचा. मिरचीचा लाल रंग कॅरोटिनॉइडांचा असतो आणि तो उष्णता, प्रकाश व हवा या तिन्हींमुळे उडतो. म्हणून काचेखाली थेट ऊन देणारे यंत्र आणि बंद पेटीत नुसती तापलेली हवा सोडणारे यंत्र यांत तापमान सारखे असले तरी रंग सारखा राहत नाही. मसाल्याच्या व्यापारात हा रंग अ‍ॅस्टा मूल्यात (अमेरिकी मसाला व्यापार संघटनेच्या मापनपद्धतीत) मोजतात. निबंधात ते मूल्य आहे, की ‘रंग आकर्षक राहिला’ एवढेच वाक्य आहे?

दुसरा प्रश्न बुरशीचा. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते आणि युरोपीय संघात मिरचीसाठी बी१ या प्रकाराची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, तर एकूण अफ्लाटॉक्सिनांची १० मायक्रोग्रॅम आहे. शेवटचा ओलावा टक्क्यांत सांगितला की काम झाले असे नाही. जलक्रियाशीलता (मालातले पाणी बुरशीला कितपत वापरता येते, याचे ० ते १ मधले माप) ०.६ च्या खाली गेली की बुरशी वाढत नाही, आणि हा आकडा आपण पाहिलेल्या दहापैकी किती निबंधांत आहे, ते मोजा. सरासरी ओलावा फसवा असतो. साल कडक झालेली असते आणि देठाशी, बियांच्या गाभ्यात ओल धरून ठेवलेली असते. सातऱ्यावर, म्हणजे मिरचीचे देठ काढण्याच्या जागी, मिरची खुडणाऱ्या बाया ती कानाशी नेऊन हलवतात. बी खुळखुळले तर वाळली, नाही तर परत उन्हात. मी नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत शिकले तेव्हा ओलावा काढायच्या ओव्हनला तासन्तास लागायचे. बायांचा निकाल क्षणात लागतो आणि तो सहसा चुकत नाही.

तिसरा प्रश्न सहलेखकांचा. ४३ निबंधांत अन्नशास्त्राचा किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचा एकही सहलेखक नसेल, तर आपल्याला ती बाजू स्वतः उभी करावी लागेल. त्यामुळे मार्गदर्शक नाकारावा असे नाही, पण सहमार्गदर्शकाची गोष्ट पहिल्याच भेटीत काढावी.

उमरेड रोड

मी संशोधक नाही. आमचा शेतकऱ्यांचा छोटा गट आहे आणि आम्ही चार हंगाम मिरची वाळवतो आहोत. निबंध वाचताना मी फक्त दोन गोष्टी शोधतो: प्रयोग कोणत्या महिन्यात झाला आणि ट्रेमध्ये माल किती किलो होता.

महिन्याचे कारण असे. मे महिन्यात नागपूरची हवा ४४-४५ अंशांची आणि खडखडीत कोरडी असते. तेव्हा गच्चीवर टाकलेले सांडगे आणि कुरडयासुद्धा एक-दोन दिवसांत वाळतात आणि त्यासाठी यंत्र लागत नाही. मिरचीचा मोठा तोडा मात्र थंडीत येतो. डिसेंबर-जानेवारीत दिवस २८ अंशांचा, रात्र १२ अंशांची, पहाटे दव. दिवसभर वाळलेली मिरची रात्री पुन्हा ओल धरते. महाविद्यालयांना सुट्टी उन्हाळ्यात असते म्हणून बरेच प्रयोग एप्रिल-मेमध्ये होतात आणि त्यांचे आकडे आमच्या हंगामाला लागू पडत नाहीत.

किलोंचा हिशेब लिहूनच दाखवतो. १०० किलो ओली मिरची घ्या, ओलावा ओल्या वजनावर ८० टक्के. म्हणजे कोरडा भाग २० किलो. ती १० टक्के ओलाव्यावर आणली की वजन साधारण २२ किलो उरते, म्हणजे जवळजवळ ७८ किलो पाणी उडवायचे. ५० अंशांच्या आसपास एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,३८० किलोज्यूल लागतात. एकूण झाले सुमारे ५२ युनिट (एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल). डिसेंबरात आपल्याकडे चौरस मीटरमागे दिवसाला साधारण साडेचार युनिट ऊन मिळते. यंत्राची एकूण कार्यक्षमता २० टक्के धरली तर हाती ०.९ युनिट येते. म्हणजे १५ चौरस मीटरच्या यंत्राला चार दिवस हवेत. त्याच हिशेबाने एका चौरस मीटरवर दोनच किलो पसरले तर माल साधारण सव्वा दिवसात वाळतो. निबंधातला ‘एका दिवसात वाळते’ हा दावा खोटा नसतो, पण तो दोन किलोंचा असतो.

हे आम्हाला पैसे मोजून कळले. एका पुरवठादाराने असाच निबंध दाखवून यंत्र विकले. रिकाम्या यंत्रात ६८ अंश दिसले, आम्ही खूश झालो. पूर्ण माल भरला तर पहिल्या दिवशी पारा ४० च्या वर चढला नाही, खालच्या ट्रेमधली मिरची तिसऱ्या दिवशी काळपट पडली आणि ती वेगळ्या ढिगात घालून कमी भावात द्यावी लागली. पंखा विजेवर होता आणि वीज दुपारीच जायची. आता खालचा-वरचा ट्रे रोज सकाळी बदलतो आणि पंख्याला छोटे सौर पॅनेल जोडले आहे. ऊन वाढले की पंखाही आपोआप जोराने फिरतो.

अभ्यासू नागपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी बसून ढीग केले. ४३ निबंधांपैकी सहा आढावे आहेत. उरलेल्या ३७ मागे पाच यंत्रे निघाली. त्यांतील एका यंत्रावर, मेण साठवलेल्या पेटीवर, नऊ निबंध आहेत आणि ते क्रमाने वाचले तर काम खरोखरच पुढे गेलेले दिसते: आधी रिकामे यंत्र, मग थोडा माल, मग पेटीत पुठ्ठा आडवा लावून हवेची वाट बदललेली. मिडिलीची परंपरा मुख्यतः दुसऱ्या एका छोट्या पेटीवरच्या निबंधांत आहे आणि तिथे माल कुठेही दीड किलोच्या वर गेलेला नाही. जाळीचा ट्रे आणि अर्धी जाडी दोन ठिकाणी जुळली, एका ठिकाणी नाही. जलक्रियाशीलता फक्त एका निबंधात सापडली आणि त्यात अन्नशास्त्र विभागातील सहलेखिका आहेत. थंडीत केलेला प्रयोग एकही नाही.

एक शंका उरते. दोन निबंधांत टोमॅटोचा सुरुवातीचा ओलावा ९४ टक्के आहे आणि तिसऱ्यात १५.६७. ही छपाईची चूक समजावी काय?

निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ

चूक नाही. पहिला आकडा ओल्या वजनावरचा आहे, दुसरा कोरड्या वजनावरचा: ९४ भाग पाणी भागिले ६ भाग कोरडा पदार्थ, म्हणजे किलोभर कोरड्या पदार्थामागे १५.६७ किलो पाणी. आकडे पडताळून पाहण्याची आपली ही सवय सोडू नका.

मेणाच्या पेटीवरचे नऊ निबंध ज्यांनी क्रमाने केले, त्यांच्याकडे जायला माझ्या मते हरकत नाही. जाण्याआधी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मिळतात का, ते पाहा. निबंधात जागेअभावी गाळलेले तासातासाचे वजन आणि तापमानाचे तक्ते प्रबंधाच्या परिशिष्टात बहुधा असतात. त्यातील एका दिवसाचे आकडे घेऊन पेजचे दोन स्थिरांक स्वतः काढा आणि छापलेल्या उत्तराशी ताडून पाहा. भेटीत मात्र एकच गोष्ट मागा: येत्या डिसेंबरात ती पेटी पूर्ण भरून, भिवापूरच्या मिरचीवर, रात्रीच्या वजनांसह चालवायची परवानगी.

उमरेड रोड

मिरची आम्ही देऊ. फक्त तोड्याच्या दोन दिवस आधी फोन करा. कळमन्याच्या बाजारात गाडी गेली की शंभर किलो बाजूला ठेवणे जमत नाही.