स्टॅटिक आणि डायनॅमिक टाइप एकत्र वापरताना तपासणी कुठे करावी?

प्रश्न: आमचा बहुतेक कोड टाइपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टला टाइपची जोड देणाऱ्या भाषेत) आहे; परंतु बाहेरून येणाऱ्या जेसन (JSON, मजकूर स्वरूपातील) डेटाची रचना आधी ठाऊक नसल्याने तिथे सर्वत्र 'एनी' (any, म्हणजे कोणताही टाइप चालेल) लिहिले गेले आहे. स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रॅम चालण्याआधीच होणाऱ्या, टाइप-तपासणीचा फायदा न गमावता असा डेटा कसा हाताळावा?

उत्तर १: 'एनी'ऐवजी २०१८ मध्ये आलेला 'अननोन' (unknown, म्हणजे अज्ञात टाइप) वापरावा. 'एनी'वर कंपायलर कोणतीही क्रिया चालवून घेतो आणि ही मोकळीक पुढच्या व्हेरिएबलमध्येही झिरपत जाते. 'अननोन'चे मूल्य मात्र टाइप तपासल्याशिवाय वापरता येत नाही.

उत्तर २: सहमत आहे, परंतु 'ॲज' (as, म्हणजे 'हे मूल्य या टाइपचे समज' असे कंपायलरला सांगणारा शब्द) लिहून ही तपासणी टाळू नये, कारण टाइपस्क्रिप्टचे टाइप कंपाइल होताना पुसले जातात. 'वय' संख्या आहे असे सांगितले आणि प्रत्यक्षात "४२" ही स्ट्रिंग आली, तर त्यात १ मिळवल्यावर ४३ ऐवजी "४२१" मिळते आणि प्रोग्रॅम निमूटपणे पुढे चालत राहतो. सी शार्प या भाषेत 'डायनॅमिक' (प्रोग्रॅम चालतानाच टाइप तपासले जाणारे) मूल्य 'इंट'मध्ये (पूर्णांकाच्या टाइपमध्ये) घेताना अशी स्ट्रिंग आली, तर तिथेच एक्सेप्शन (चूक दाखवून थांबणे) येते. मला हीच पद्धत अधिक प्रामाणिक वाटते.

प्रश्नकर्ता: म्हणजे डेटा आत येतो तिथेच एका फंक्शनमध्ये तपासणी करावी?

उत्तर २: होय. वारंवार चालणाऱ्या लूपमध्ये ती नको; तिथे वेग घटतो.